सेन्सर ठणठणीत होता, कपलर भाजला होता

जुन्या गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं, "सेन्सर गेलाय." मग नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो, थोडे दिवस बरे जातात आणि परत तेच. आमच्या गाडीचं असं दोन उन्हाळे चाललं होतं, इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर बदलून झाला, मग "हा डुप्लिकेट निघाला" म्हणून परत बदलून झाला, आणि दोष काही जाईना. शेवटी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून मी स्वतः कपलर, म्हणजे वायर सेन्सरला जोडणारे प्लास्टिकचे प्लग, बदलले तेव्हा गाडी ताळ्यावर आली. सगळं सविस्तर लिहितोय कारण पंधरा-अठरा वर्षं जुन्या पेट्रोल गाड्या पुण्यात अजून भरपूर आहेत आणि त्यांच्या मालकांचे पैसे नको तिथे जातायत हे बघून जीव तुटतो.

गाडी २००७ची, पेट्रोल, बीएस-३. बाबांनी घेतलेली, रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं झाल्यावर रिन्यू करून ठेवलेली, आणि आईबाबांना साताऱ्याला न्यायचं म्हटलं की आजही हीच निघते. इंजिनचं काम एकदम चोख, ऑइल पीत नाही, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत नाही. सकाळी थंड असताना तर तक्रारीला जागाच नाही. पण एप्रिलच्या दुपारी सिंहगड रोडला राजाराम पुलापर्यंत रांगेत सरकत सरकत गेलं की रेडिएटरचा फॅन अचानक फुल स्पीडने घोंघावायला लागायचा, आरपीएम वरखाली, मागून पेट्रोलचा वास, आणि गाडी बंद करून भाजी घेऊन परत येऊन चावी मारली की बराच वेळ नुसतीच घरघर. डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा मात्र मध्यावर शांत. या काट्यावर विसंबू नका, कारण त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा असतो, एका वायरचा, आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिनचं तापमान सांगणारा वेगळा, दोन वायरचा. काटा बरोबर दाखवतोय म्हणजे ईसीयूलाही बरोबर दिसतंय असं अजिबात नाही.

निकराची वेळ पीयूसीमुळे आली. बीएस-३च्या पेट्रोल कारला धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्क्याच्या आत लागतो, आमचा दीडच्या वर. पीयूसी नाही म्हणजे गाडी रस्त्यावर काढायची सोय नाही. पीयूसीवाला म्हणाला, "कॅटलिटिक कन्व्हर्टर गेला असेल साहेब," म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा, अजून एक महागडा पार्ट. मी म्हटलं आता एकही पार्ट बदलायचा नाही, आधी मोजायचं.

माझ्याकडे गाडीचे दोषांचे कोड फोनवर दाखवणारा ब्लूटूथचा छोटा ईएलएम३२७ स्कॅनर होता. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीनेच आपला दोष ओळखून कोड द्यायची सोय, सक्तीचं झालं ते २०१० नंतर, बीएस-४ बरोबर, पण या गाडीला स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट आहे आणि स्कॅनर त्याच्याशी नीट बोलतो. कोड आला पी०११८, म्हणजे कूलंट टेंपरेचरच्या सर्किटवर व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त. सगळा खेळ इथेच आहे म्हणून जरा थांबून सांगतो. ईसीयू आतल्या एका रेझिस्टरमधून पाच व्होल्ट सोडतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते बघतो. सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, जसजसा गरम होईल तसतसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. साधारण वीस डिग्रीला अडीच हजार ओहमच्या आसपास, ऐंशी डिग्रीला तीनशेच्या आसपास. वायर तुटली तर ईसीयूला पूर्ण पाच व्होल्ट दिसतात आणि तो समजतो की इंजिन वजा चाळीस डिग्रीला आहे. मग तो भरमसाट पेट्रोल सोडतो, आणि सर्किटच गेलंय असं कळलं की इंजिन तापू नये म्हणून फॅनही चालू करून ठेवतो. माझी सगळी लक्षणं यात बसत होती. पण सेन्सर मेला तरी ईसीयूला हेच दिसणार आणि वायर किंवा कपलर मेला तरी हेच, नुसत्या कोडवरून त्यातलं काय गेलंय ते कळत नाही.

आणि पूर्ण तुटण्याचीही गरज नाही. कपलरच्या पिनेत नुसता तीनशे ओहमचा अडथळा आला असं धरा. सकाळी अडीच हजारात तीनशे मिसळले तर दोन-तीन डिग्रीचा फरक, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण गरम इंजिनला तीनशेचे सहाशे झाले की ईसीयूला ऐंशीच्या जागी साठच्या खालचं तापमान दिसतं. म्हणजे हा दोष थंडपणी लपून बसतो आणि गरमपणीच बाहेर येतो, आणि आपण गॅरेजला गाडी सकाळी थंड करूनच नेतो! नवा सेन्सर बसवताना कपलर काढून लावला जातो, त्यात पिना घासल्या जातात, आणि काही दिवस बरं चालतं. सेन्सर बदलल्याचा गुण नव्हता तो.

गॅरेजमध्ये कपलर काढून मीटर लावून "पाच व्होल्ट येतायत, वायर ओके" असं सांगितलं होतं. मीटरला पाच व्होल्ट दिसणारच, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, एक तार शिल्लक असली तरी तो पाचच दाखवेल. म्हणून मी इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या पार्टसाठी तपकीर गल्ली गाठली आणि साधे ३३० ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर आणले, चिल्लरचं काम. सेन्सरचा कपलर काढला, त्याच्या पिनांत सेन्सरऐवजी रेझिस्टरचे दोन पाय हलकेच टेकवले (घुसवायचे नाहीत, आतली पिन फाकते) आणि स्कॅनरवर बघायला लागलो. ३३० ओहमला तापमान ऐंशीच्या जवळपास, एका जागी स्थिर दिसायला पाहिजे. भाचा आला होता, त्याला फोन घेऊन ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि मी इकडे कपलरच्या मागची वायर बोटाने हळूच हलवायला घेतली. "मामा, अठ्ठावन्न. एकसष्ट. मामा एकदम वजा चाळीस! परत अठ्ठावन्न." सेन्सर माझ्या खिशात होता. म्हणजे दोष सेन्सरचा नव्हताच हे तिथल्या तिथे पक्कं झालं, आणि कुठे आहे तेही कळलं, कपलरच्या मानेपासून दोन बोटांच्या आत.

मग नीट उघडून बघितलं. त्या कपलरचं लॉक बोट लावताच जुन्या पापडासारखं कुडकन मोडलं. मागचं रबरी सील दगड झालेलं, त्याला भेग, आणि वायरचं प्लास्टिक वाकवलं की चिरत होतं. वायरचे रंग सगळे एकसारखे तपकिरी. ब्लेडने प्लास्टिक सोललं तर जिथे वायर पिनेत दाबलेली असते तिथे तांब्याच्या तारा बहुतेक तुटलेल्या, उरलेल्यांवर हिरवी पावडर. सीलला भेग पडली की पावसाळ्यात ओल आत जाते आणि उन्हाळ्यात प्लास्टिक आणखी कडक होतं, ऋतुगणिक दोन्हीकडून मार.

एवढं भाजलं कशाने? कूलंट नव्वदच्या आसपास असतं, त्याने एवढं होत नाही. आमच्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारे पाइप, पुढच्या बाजूला, तो कित्येक शे डिग्री तापतो, आणि त्याच्यावर पत्र्याचं हीट शील्ड असतं ते जागेवर नव्हतंच. कधीतरी कुठल्यातरी कामात गंजलेले बोल्ट तुटले असणार आणि शील्ड परत लावायचा कंटाळा केला गेला असणार. त्यात हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) मूळची क्लिप तुटलेली, त्यामुळे वायरिंग खाली लोंबत मॅनिफोल्डच्या तोंडाशी आलेलं. गाडी चालती असताना हवा लागते, पण ट्रॅफिकमध्ये आणि गाडी बंद केल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं बॉनेटखालची उष्णता कुठे जायला वाव नसतो. वायरच्या पीव्हीसीला मऊ ठेवणारा जो अंश असतो तो अशा उष्णतेने वर्षानुवर्षं उडत राहतो आणि मागे नुसतं ठिसूळ नळकांडं उरतं.

आता कपलर आणायचा. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात जुना कपलर हातात धरून गेलो, फोटो दाखवून काम होत नाही, पिनेची रुंदी, खाचा कुठल्या बाजूला, लॉक वर की खाली हे सगळं जुळावं लागतं. "सेन्सर देऊ का बरोबर?" "नको भाऊ, नुसता कपलर." त्याने वायर लावलेला तयार कपलर काढला. वायर फार हलकी वाटली म्हणून टोक ब्लेडने खरवडलं, वरून तांबूस आणि आतून पांढरं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असली वायर इंजिनजवळ अजिबात घेऊ नका, वाकून वाकून तुटते आणि क्रिम्पमध्ये, म्हणजे पिनेत दाबून केलेल्या जोडात, सैल पडते. शेवटी कपलरचं रिकामं घर (बाहेरचं प्लास्टिक), सुट्या पिना आणि सुटी सील अशा वस्तू दोन-तीन दुकानं फिरून जमवल्या, आणि वायर १२५ डिग्री रेटिंगची, मूळच्याच जाडीची, ०.५ स्क्वेअर एमएम. पिना जास्तीच्या घ्या, क्रिम्पिंगचा हात बसेपर्यंत लागतात. हीट शील्ड नवं मिळेना, ते जुन्या बाजारात रविवारी मिळालं, मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो तो. पत्रा जुना चालतो. कपलर मात्र तिथून घेऊ नका, समोरच्या ढिगात आमच्याच मॉडेलचं अख्खं हार्नेस पडलं होतं पण तेही तितकीच वर्षं इंजिनापाशी भाजलेलं.

नाना पेठेतच एक वायरिंगवाले काका बसतात, उभा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेला. त्यांना विचारलं की जोड सोल्डर करू का. ते म्हणाले, "सोल्डर घरातल्या रेडिओला कर. गाडीत वायर थरथरते, सोल्डर जिथे संपतो तिथेच तुटते. जोड असा दाब की ओढल्यावर वायर तुटेल पण जोड निघणार नाही." कारण अगदी बरोबर आहे, वितळलेलं सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो आणि त्याच्या कडेवर सगळा ताण येतो. पीळ मारून काळी टेप गुंडाळण्याबद्दल तर बोलायलाच नको, उष्णतेने टेपचा गोंद वितळतो आणि दोन महिन्यांत टेप सुटून लोंबते.

काम रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू केलं. बॅटरीची निगेटिव्ह काढली. एअर फिल्टरचा पाइप बाजूला घेतला. कुठलीही वायर कापायच्या आधी तिच्यावर कागदी टेपचा तुकडा लावून नंबर लिहिला आणि फोटो काढले, कारण रंग ओळखू येत नव्हते, मूळ रंग बघायला वायरींवरची स्लीव्ह पुढपर्यंत उघडावी लागली. दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरला वायर उलटसुलट झाल्या तरी फरक पडत नाही, पण तीन वायरच्या कॅम सेन्सरला पडतो आणि चांगलाच महागात पडतो, त्यामुळे सवय एकच ठेवावी. मग वायर मागे मागे कापत गेलो, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं क्रिम्प केलं तर नवा जोडही काही महिन्यांत तसाच होणार. इथे बरंच मागे जावं लागलं, जवळपास वीतभर.

नवी वायर जोडताना दोन्ही जोड एकाच जागी आणले नाहीत, एक इथे आणि दुसरा दोन इंच पुढे, म्हणजे गाठ जाड होत नाही आणि चुकून सोललं तरी एकमेकांना टेकत नाहीत. बट स्प्लाइस (दोन टोकं जोडणारी धातूची छोटी नळी) क्रिम्प करून वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी नळी, ती तापवली की दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीक थेंब बाहेर येतो, तो दिसला की समजायचं पाणी आत जाणार नाही. मग पिना. आधी वायरमध्ये सील ओवायचं (हे पिन लावल्यावर जात नाही), साधारण पाच मिलिमीटर सोलायचं, आणि पिनेला जे पंखांचे दोन जोड असतात त्यातला पुढचा तांब्यावर आणि मागचा सीलवर. रॅचेटवालं क्रिम्पर वापरलं. पुढचे पंख आत वळून तारांत रुतले पाहिजेत, वरून बघितलं तर त्या पंखांच्या दोन गोल पाठी शेजारी शेजारी दिसतात. पकडीने नुसतं चेपलं तर वरवर घट्ट वाटतं पण आत पोकळी राहते. प्रत्येक पिन ओढून बघितली, मग कपलरच्या घरात सरकवली, टक् असा आवाज आला की परत मागे ओढून बघायचं, आणि शेवटी पिना धरून ठेवणारं कपलरचं दुसरं लॉक.

एवढ्यात ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरकडे लक्ष गेलं, तो तर मॅनिफोल्डच्या आणखी जवळ. बाहेरून जरा पिवळट एवढंच, पण उघडल्यावर चारपैकी दोन पिनांभोवतीचं प्लास्टिक वितळून करपलेलं. त्या दोन एकाच रंगाच्या वायरच्या, म्हणजे सेन्सरच्या हीटरच्या. सिग्नलच्या वायरमधून करंट नाममात्र, पण हीटर चांगला करंट ओढतो, पिन सैल झाली की ती आतूनच तापते, तापल्यामुळे आणखी सैल होते, असं चक्र. तिथेही हार्नेसच्या बाजूचा कपलर बदलला. सेन्सरच्या स्वतःच्या वायरला मात्र सोल्डर आणि ग्रीस दोन्ही लावायचं नाही, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते, ती वाट बुजली की सेन्सर चुकीचं सांगायला लागतो. टेंपरेचर सेन्सरच्या सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, पिनांवर थापलं नाही. क्रँक सेन्सरची वायर शील्डेड (वरून धातूचं वेष्टण असलेली) आहे आणि ती चांगली होती, तिला हात लावला नाही. चांगलं आहे ते उगाच उघडू नये या मताचा मी आहे.

शेवटी हार्नेस परत वर उचलून नव्या क्लिपने मूळच्या जागी बांधला, मॅनिफोल्डकडच्या भागावर वरून ॲल्युमिनियम असलेली फायबरग्लासची स्लीव्ह चढवली, बाकी कापडी हार्नेस टेप. हीट शील्डचे तुटलेले बोल्ट काढायला मात्र जवळच्या वर्कशॉपमध्ये जावं लागलं, कारण ते ड्रिलिंगचं काम आहे आणि तिथे घाई केली तर मॅनिफोल्डच बदलायची पाळी येते. शील्ड बसवल्याशिवाय हे सगळं काम अर्धंच, दोन उन्हाळ्यांत नवे कपलरही तसेच होणार.

बॅटरी लावली, कोड उडवला, आणि मुद्दाम दुपारचं ऊन बघून निघालो. नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, तिथे इंजिन बंद करून चहा पीत वीस मिनिटं थांबलो, म्हणजे बॉनेटखाली पुरेपूर तापू दे. परत चावी मारली, अर्ध्या सेकंदात स्टार्ट. स्कॅनरवर सत्त्याऐंशी ते त्र्याण्णव, फॅन लागला की खाली, बंद झाला की वर, एकही उडी नाही. येताना नवले पुलाच्या उतारावर नेहमीसारखी रांग होती, त्यात अर्धा तास गेला, आरपीएमचा काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी पीयूसीला सीओ ०.२ च्या खाली आला, कन्व्हर्टर तोच, सेन्सर तोच. पेट्रोलचं म्हणाल तर शहरात लिटरला नऊवर आलेली गाडी परत बारा-साडेबारा देतेय.

खर्च म्हणाल तर कपलर, पिना, वायर, स्लीव्ह सगळं मिळून एका चांगल्या सेन्सरपेक्षा कमी. क्रिम्पर महाग गेला, पण तो कायमचा राहिला, आणि सोसायटीतल्या दोन गाड्यांचं काम त्याच्यावर होऊनही गेलं. त्यातल्या एकीला इनटेक एअर टेंपरेचरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा, कोड येत होता, तिथेही कपलरच्या मानेतच वायर तुटलेली निघाली, त्यांना सेन्सरचं कोटेशन मिळालेलं होतं.

माझ्या गाडीत अजून इंजेक्टरचे चार कपलर राहिलेत. लॉक धरून आहेत पण रबर कडक झालंय, पावसाळ्याआधी सील तरी बदलून घेणार आहे. इग्निशन कॉइलच्या कपलरचं घर नाना पेठेत मिळालं नाही, एका दुकानदाराने मागवून देतो म्हणून सांगितलंय. तोवर त्याची वायर स्लीव्हमध्ये घालून मॅनिफोल्डपासून लांब बांधून ठेवलीय.